एकाच टीममध्ये राहून इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होणं: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

मागच्या गणपतीत इथल्या मंडळाची आरती झाली, मी प्रसादाच्या रांगेत हातात द्रोण घेऊन उभी, आणि पंधरा मिनिटांत तीन वेगवेगळ्या लोकांनी तेच प्रश्न विचारले, एकाने भाच्यासाठी, एकीने स्वतःसाठी आणि एका काकांनी उगाच. तेव्हाच ठरवलं की एकदा बसून लिहून काढायचं. माझी पार्श्वभूमी सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल: पुण्यात एलएलबी केलं, सनद न घेताच इकडे मास्टर्सला आले (हा शहाणपणा होता की नाही ते खाली आहे), मग मिडलंड्समधल्या एका छोट्या फर्ममध्ये रेसिडेन्शियल प्रॉपर्टी टीममध्ये सलग दोन वर्षं काढली आणि तिथेच सॉलिसिटर झाले. कॉर्पोरेट, फॅमिली, क्रिमिनल यातल्या एकाही टीममध्ये मी एक दिवस पण बसलेली नाहीये. खालचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे, स्कॉटलंडचं गाडं वेगळं चालतं.

सॉलिसिटर म्हणजे बॅरिस्टरच ना?

नाही. आपल्याकडे बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, नाथ पै बॅरिस्टर, अंतुले बॅरिस्टर, त्यामुळे विलायतेत वकिली शिकलेला माणूस म्हणजे बॅरिस्टर असं डोक्यात घट्ट बसलंय. ढोबळमानाने सांगायचं तर बॅरिस्टर कोर्टात उभा राहतो, सॉलिसिटरकडे क्लायंट, कागद, पैसे आणि फाइल असते. माझ्या आजीला हे चार वेळा सांगून झालंय, ती अजून शेजाऱ्यांना नात बॅरिस्टर झाली असंच सांगते, मी आता सोडून दिलंय.

एकाच टीममध्ये ट्रेनिंग म्हणजे नक्की काय?

जुनी पद्धत अशी की ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचा, त्यात सहा-सहा महिन्यांच्या चार 'सीट', म्हणजे आधी लिटिगेशन (कोर्टातले दावे), मग प्रॉपर्टी, मग कॉर्पोरेट असं फिरत राहायचं. निदान तीन वेगळ्या विषयांचा अनुभव हवा असा नियमच होता. मोठ्या फर्म आजही असंच फिरवतात आणि त्यात चूक काही नाही. पण १ सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) नावाची नवी व्यवस्था आली, त्यात ही तीन विषयांची अट गेली, आणि मग बऱ्याच फर्म, खास करून छोट्या आणि मधल्या, म्हणायला लागल्या की आम्ही तुला पहिल्या दिवसापासून एका टीममध्ये घेतो, दोन वर्षं तिथेच राहा, तिथेच क्वालिफाय हो.

एक सावधगिरी, जाहिरातीत 'नॉन-रोटेशनल' शब्द दिसला तर लगेच हाच अर्थ काढू नका. जोन्स डे या फर्मचं लंडन ऑफिस पण नॉन-रोटेशनल म्हणूनच ओळखलं जातं, पण तिथे अर्थ बरोब्बर उलटा: ट्रेनी कुठल्याच टीमचा नसतो, सगळ्यांकडून एकाच वेळी काम गोळा करतो. त्यामुळे विचारून घ्या.

हे नियमात बसतं का, की नंतर एसआरए अडवेल?

बसतं. (मुंबईकरांनो, इथे एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन नाही, सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी.) लागतात चार गोष्टी: कुठल्याही विषयातली डिग्री किंवा त्या तोडीचं काही, एसक्यूईचे दोन्ही टप्पे पास, दोन वर्षांचा 'क्वालिफाइंग वर्क एक्सपिरियन्स' आणि चारित्र्य-तपासणी. यातला अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणचा मिळून चालतो, पॅरालीगल (सॉलिसिटरच्या हाताखाली कायद्याचं काम करणारा मदतनीस) म्हणून चालतो, लॉ क्लिनिकमधला, म्हणजे मोफत कायदेशीर सल्ला केंद्रातला, फुकटचा पण चालतो, परदेशातला पण चालतो. विषय किती पाहिले हे कोणी मोजत नाही, सॉलिसिटरला लागणारी निदान दोन कौशल्यं त्या कामात घासली गेली का एवढंच बघतात, आणि एका टीममध्ये ती आरामात घासली जातात.

त्या दोन वर्षांच्या अनुभवावर सही कोण करतं?

इथल्या रजिस्टरवरचा सॉलिसिटर, किंवा फर्मचा कम्प्लायन्स ऑफिसर, म्हणजे फर्म नियम पाळते का ते बघणारा. आणि ती सही फक्त एवढंच म्हणते की हा माणूस इतके महिने इथे होता, असं असं काम केलं, आणि त्याच्या सचोटीबद्दल शंका यावी असं काही दिसलं नाही. तू हुशार आहेस का हे ती सही सांगत नाही, ते परीक्षा सांगते.

हा प्रश्न मी वेगळा काढलाय कारण माझे स्वतःचे आठ महिने यात गेलेत. या फर्मच्या आधी मी एका ठिकाणी पॅरालीगल होते, रोज साडेआठला हजर, आणि निघताना सही मागितली तर साहेब म्हणाले आम्ही तुला कधी ट्रेनी म्हटलंच नव्हतं. खरं तर ट्रेनी म्हणायची गरजच नसते, काम काय केलं ते महत्त्वाचं, पण मला तेव्हा नियम नीट माहीत नव्हता आणि माझ्याकडे कामाची नोंद पण नव्हती, नुसतं तोंडी काय भांडणार. तुम्ही पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, काम, काय शिकले, दोन ओळी बास, क्लायंटचं नाव लिहू नका. दर तीन महिन्यांनी सुपरवायझरला दाखवा. फर्मबाहेरचा सॉलिसिटर पण सही करू शकतो, पण त्याने तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेलं हवं आणि तुमच्या सुपरवायझरकडून अभिप्राय घेतलेला हवा, म्हणजे मावशीच्या ओळखीचे गृहस्थ चालत नाहीत.

एका टीममध्ये दिवसभर करता काय तुम्ही?

प्रॉपर्टीचं सांगते, तेच मला येतं. ज्यांच्या घरी जमिनीचे कागद हाताळले गेलेत त्यांना हे काम अर्धं ओळखीचं वाटेल. इथलं 'एक्सचेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स' म्हणजे साधारण आपलं साठेखत, 'कम्प्लिशन' म्हणजे खरेदीखत आणि ताबा. लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्याचे तीन भाग असतात, पहिल्यात मिळकतीचं वर्णन, दुसऱ्यात मालक, तिसऱ्यात कर्जं वगैरे, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर इतर हक्कात जो बोजा चढवतात तो. मोठा फरक हा की सातबारा हा मुळात महसुलाचा कागद, त्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की असं नाही, म्हणून आपले वकील तीस वर्षांचा सर्च घेतात. इथे रजिस्टरवर नाव आहे म्हणजे मालकीची हमी सरकारचीच, मागची साखळी खणत बसावं लागत नाही. हे मला पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगायला हवं होतं, मी बिचारी १९६० सालचे कागद शोधत बसले होते आणि शेजारची सेक्रेटरी माझ्याकडे दयेने बघत होती.

पहिले तीन महिने मी फक्त उतारे वाचले, म्हणजे खरोखर फक्त तेच: नकाशावरची लाल रेघ विक्रेत्याच्या बोलण्याशी जुळते का, मागच्या गल्लीतून जायचा हक्क कागदावर आहे का, विक्रेत्याने फॉर्ममध्ये 'शेजाऱ्यांशी वाद नाही' लिहिलंय पण ईमेलमध्ये कुंपणाचा उल्लेख का येतोय. चौथ्या महिन्यात सुपरवायझरने एक साधी फाइल दिली आणि म्हणाली ही तुझी, मी मागे आहे. वर्षाच्या शेवटी माझ्याकडे तीसेक फाइली होत्या. सीट बदलणारा ट्रेनी सहाव्या महिन्यात फाइल नुकती कळायला लागली की उठून दुसऱ्या मजल्यावर जातो, आणि मी मात्र घर बघितल्यापासून किल्ली हातात पडेपर्यंतचा पूर्ण प्रवास पुन्हा पुन्हा बघितला, कुठे फाटतं ते बघितलं, सहा महिन्यांपूर्वीची माझीच चूक परत माझ्याच टेबलावर आलेली बघितली. एका टीमचा खरा फायदा मला विचाराल तर हा आहे, आपल्या चुका आपल्यालाच भेटतात.

शुक्रवारचं तर वेगळंच. इथे लोकांना शुक्रवारीच घर बदलायचं असतं. पाच घरांची साखळी असली, म्हणजे प्रत्येकजण आपलं घर विकून त्याच दिवशी पुढचं घेतोय, की सगळ्यात खालच्याचे पैसे वर सरकतात तेव्हा त्याच्या वरचा पुढे पाठवू शकतो, आणि नेहमीच्या अटींप्रमाणे दुपारी दोनच्या आत पैसे पोचले नाहीत तर ते पुढच्या कामकाजाच्या दिवशी पोचले असं धरतात, म्हणजे थेट सोमवार. माझ्या पहिल्या शुक्रवारी एक वाजून चाळीस मिनिटांनी आमचे पैसे अजून बँकेत अडकलेले, आमची क्लायंट बाई फोनवर, तिच्या मागे सामानाच्या ट्रकचं इंजिन चालू असल्याचा आवाज, मांजर पेटीत ओरडतंय, आणि मी दर दोन मिनिटांनी अकाउंट्सच्या दारात. एक बावन्नला गेले. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

तोच तोच प्रकार करून कंटाळा येत नाही?

येतो की. सर्च रिझल्टची (कौन्सिल वगैरेंकडून येणारी घराबद्दलची माहिती) चाळीस पानं वाचताना येतो. पण लोक वेगळे असतात.

बरं, पण मराठी असण्याचा काही उपयोग झाला का?

एकदा झाला, आणि चांगला झाला. इथे घर घ्यायला पैसे कुठून आले ते सॉलिसिटरला तपासावंच लागतं, मनी लॉन्डरिंगचे नियम कडक आहेत. एका जोडप्याला सासऱ्यांनी भारतातून मोठी रक्कम दिली होती, जमीन विकून, आणि पुरावा म्हणून आले फेरफार, सातबारा आणि खरेदीखताची सूची दोन (इंडेक्स टू), सगळं मराठीत. पूर्ण टीम त्या कागदांकडे बघत बसली. मी बसून कुठला कागद काय सांगतो, नाव कधी कमी झालं, रक्कम कुठे लिहिलीय याचं एक पान लिहून दिलं. भाषांतरकाराचं अधिकृत भाषांतर नंतर आलंच, पण काय मागवायचं ते त्या पानामुळे कळलं. त्यानंतर टीममध्ये मला कोणी नवीन म्हटलं नाही.

परीक्षेत तर सगळेच विषय असतात, मग एकाच टीममधल्याचं काय होतं?

खरी मेख इथे आहे, आणि इंटरव्ह्यूत कोणी हे सांगत नाही. नोकरी एका विषयाची पण परीक्षा सगळ्यांची. एसक्यूई १ मध्ये दोन पेपर, प्रत्येकात १८० प्रश्न, पाच पर्यायांतला सर्वात योग्य निवडायचा, पुस्तक नाही, दोन दिवस, प्रत्येक दिवस पाच तासांच्या वर. करार, टॉर्ट (नुकसानभरपाईचे दिवाणी दावे), कंपनी, दिवाणी दावे, घटना, जमीन, ट्रस्ट, मृत्युपत्रं, फौजदारी, सॉलिसिटरचे हिशेब, मध्येच टॅक्स. दोन वर्षं प्रॉपर्टी केलेल्या माणसाला यातला फार तर एक कोपरा घरचा वाटतो, आणि त्यात पण धोका असतो कारण ऑफिसात आपण शॉर्टकटने करतो आणि परीक्षेला पुस्तकातलं लागतं. पास होण्याचं प्रमाण जुलै २०२४ ला ४४ टक्के होतं, जानेवारी २०२५ ला ५६, म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. सहा वर्षांत तीनच प्रयत्न मिळतात.

एसक्यूई २ मध्ये सोळा कामं करून दाखवायची, बारा लेखी आणि चार तोंडी. तोंडीमध्ये प्रॉपर्टी आणि मृत्युपत्राच्या क्लायंटची मुलाखत, आणि दिवाणी आणि फौजदारी बाजूचा युक्तिवाद. मी आयुष्यात कोणासमोर युक्तिवाद केला नव्हता, कॉलेजमध्ये मूट कोर्टच्या, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या कोर्टाच्या, वेळी पण मी फाइल धरायला होते. प्रश्न काय आला ते सांगता येत नाही, तसा नियम आहे, पण तयारी कशी केली ते सांगते: सुट्टी टाकून मॅजिस्ट्रेट कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. कोणालाही बसता येतं, फुकट आहे. जामिनाचा अर्ज कसा मांडतात, कुठून सुरुवात करतात, न्यायाधीशाने मध्येच अडवलं की माणूस कसा सावरतो हे चार सकाळींत जे कळलं ते तीन महिन्यांच्या नोट्समध्ये कळलं नव्हतं. मग घरी नवऱ्याला न्यायाधीश करून खुर्चीवर बसवायचं, तो बिचारा प्रत्येक आरोपीला जामीन द्यायचा.

फर्मशी बोलताना एवढं मागून घ्या, की एखादा महिना नाहीतर आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या टीमच्या मीटिंगला बसू द्या. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत, फक्त मागावं लागतं.

खर्च किती?

दोन्ही टप्प्यांची नुसती परीक्षा फी मिळून साधारण ४,९०० पौंड. क्लास वेगळा. चांगली फर्म दोन्ही भरते. फर्म भरत असेल तर करारात बघा की पास झाल्यावर किती महिने थांबावं लागेल आणि आधी सोडलं तर किती परत द्यावं लागेल, एका टीमवाल्या फर्ममध्ये हे कलम हमखास असतं कारण त्यांनी तुम्हाला त्या टीमसाठीच घडवलेलं असतं.

नंतर टीम बदलता येते का?

कागदावर हो, सॉलिसिटर म्हणजे सॉलिसिटर, रजिस्टरवर विषय लिहिलेला नसतो. प्रत्यक्षात अवघड आहे. क्वालिफाय झाल्यावर पहिल्या वर्षात हललात तर जमतं, आणि तेही शेजारच्या विषयात, म्हणजे घरांकडून कमर्शियल प्रॉपर्टीकडे, मृत्युपत्रांकडून ट्रस्टकडे. कन्व्हेयन्सिंग (घरांच्या खरेदी-विक्रीचं काम) करून थेट कंपन्यांच्या मर्जर-बिर्जरला कोणी घेत नाही, उगाच आशा लावत नाही मी.

दुसरा धोका बाजाराचा. एक टीम म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत. स्टँप ड्यूटीची सवलत ३१ मार्च २०२५ ला संपणार होती तर तो महिना आम्ही रात्री आठपर्यंत ऑफिसात होतो, आणि एप्रिलमध्ये टीमच्या टेबलांवर अशी शांतता की घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. सीट बदलणाऱ्याला अशा वेळी दुसरा मजला असतो, आपल्याला नसतो.

मग टीम निवडायची कशी?

विषय आवडतो का हा प्रश्न मला फसवा वाटतो. कॉलेजमध्ये मानवाधिकार सगळ्यांनाच आवडतात. त्या टीममधला मंगळवारचा दिवस कसा असतो ते विचारा. फॅमिलीमध्ये मंगळवारी रडणारी माणसं असतात. इमिग्रेशनमध्ये फॉर्म, तारखा आणि घाबरलेली माणसं. लिटिगेशनमध्ये महिनोन्‌महिने पत्रव्यवहार आणि मग एकदम तीन दिवस झोप नाही. मृत्युपत्रांच्या टीममध्ये वयस्कर लोकांबरोबर चहा पिणं हे अर्धं काम आहे, आणि ज्याला आजी-आजोबांशी गप्पा मारता येतात त्याच्यासाठी ती सोन्यासारखी जागा आहे असं माझं मत. शक्य असेल तर आधी तिथेच पॅरालीगल म्हणून चार-सहा महिने काढा, ते महिने सही मिळाली तर दोन वर्षांत धरले पण जातात.

आणि विषयापेक्षा सुपरवायझर बघा. सीट पद्धतीत वाईट सुपरवायझर सहा महिन्यांत सुटतो. एका टीममध्ये तीच बाई किंवा तोच बाबा दोन वर्षं. माझं नशीब चांगलं होतं. इंटरव्ह्यूत सरळ विचारा: माझ्या आधी या टीममध्ये कोण शिकलं, ते आता कुठे आहेत, त्यांच्याशी बोलू का? ज्या फर्मने या प्रश्नावर विषय बदलला तिथे मी जाणार नाही.

मी महाराष्ट्रात वकील आहे, मला पण हे दोन वर्षांचं करावं लागेल?

सनद असेल तर तुम्ही 'क्वालिफाइड लॉयर' धरले जाता आणि दोन वर्षांच्या अनुभवाची अट तुम्हाला लागत नाही, परीक्षा मात्र द्यावी लागते. एसक्यूई १ तर भारतातल्या पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर पण देता येते, तोंडी परीक्षेला इकडे यावं लागतं. म्हणून सुरुवातीला म्हटलं की सनद न घेता येणं हा शहाणपणा होता का, तर नव्हता. अर्थात अट लागत नाही म्हणून इथल्या फर्मला इथला अनुभव नको असतो असं नाही, एखाद्या टीममध्ये पाय रोवायला तुम्हाला पण वेळ द्यावाच लागेल.

मुंबईत पण सॉलिसिटर असतात, बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आणि फर्ममध्ये आर्टिकलशिप (उमेदवारी) करून. ती वेगळी परंपरा आहे, नाव तेच असलं तरी ती केली म्हणून इथे थेट सॉलिसिटर होता येत नाही.

व्हिसाचं काय?

मी इमिग्रेशनवाली नाही, त्यामुळे मोजकंच. मास्टर्सनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा, म्हणजे अनुभवाच्या अटीएवढाच, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो अठरा महिनेच मिळणार, तेव्हा हिशोब आत्ताच मांडा. त्यापुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झालीय, नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सवलतीची ३३,४००, शिवाय त्या हुद्द्याचा ठरलेला दर असतो तो वेगळाच. गावातल्या छोट्या फर्मचे पगार तिथे पोचतीलच असं नाही, आणि बऱ्याच फर्मकडे स्पॉन्सर लायसन्सच (परदेशी माणसाला व्हिसावर नोकरी द्यायचा परवाना) नसतं. हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा, लाजू नका, मी तिसऱ्या इंटरव्ह्यूपर्यंत लाजले आणि तिसऱ्या इंटरव्ह्यूतूनच घरी परत आले.

माझी मुलगी इथेच शिकतेय, तिला युनिव्हर्सिटी नकोय.

मग सॉलिसिटर अप्रेंटिसशिप बघा. शाळेनंतर सहा वर्षं, पगार मिळतो, फी तिला भरावी लागत नाही, शेवटी परीक्षा तीच एसक्यूई. जानेवारी २०२६ पासून या पातळीच्या अप्रेंटिसशिपला सरकारी पैसा साधारणपणे वयाच्या २१ वर्षांपर्यंत सुरू करणाऱ्यांनाच आहे, म्हणून नंतर बघू म्हणू नका. आपल्या लोकांना अप्रेंटिस म्हटलं की आयटीआय आठवतं आणि नाक मुरडलं जातं, पण आमच्या इथली अप्रेंटिस वयाच्या एकविसाव्या वर्षी माझ्यापेक्षा चांगला उतारा वाचते आणि तिच्यावर एक पेनीचं कर्ज नाही.

तुला फोन करून अजून विचारलं तर चालेल?

चालेल, शुक्रवारी दुपारी बारा ते तीन सोडून.